बारावी नाही, वय ३४, वकील व्हायचंय. पूर्वतयारी करून बीए करू की आधी १७ नंबर फॉर्म भरून बाहेरून बारावी देऊ?

नवीपाटी:
नमस्कार सगळ्यांना. इथे पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या. माझी दहावी २००७ ची, ५८ टक्के. अकरावी आर्ट्सला ॲडमिशन घेतलं होतं पण सहामाहीनंतर कॉलेजला गेलेच नाही, घरात आजारपण आलं, मग लग्न झालं, मग दोन मुलं, आणि त्या वह्या तिथेच राहिल्या. आता धाकटी पण पाचवीत गेलीये.

गेली तीन वर्षं मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पीएलव्ही आहे, म्हणजे पॅरालीगल व्हॉलंटियर. कोर्टात मदत केंद्रावर बसायचं, बायका येतात त्यांचे अर्ज लिहून द्यायचे, घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात काय काय मागता येतं ते सांगायचं, पोटगीचं (आधी कलम १२५ म्हणायचो, आता कलम १४४) कुठे दाखल होतं ते दाखवायचं. हे काम मला मनापासून आवडतं. पण मागच्या वर्षी एका बाईच्या तारखेला मी कोर्टात मागच्या बाकावर बसले होते. तिने मला जे रडत रडत सांगितलं होतं, नवऱ्याच्या पगाराचं, त्यातलं अर्धं मांडलंच गेलं नाही. मला सगळं माहिती होतं, तारखांसकट, पण मी उभी राहून एक शब्द बोलू शकत नाही, तो अधिकारच नाही मला. त्या दिवसापासून डोक्यातून जात नाहीये की आपण एलएलबी करायचं.

तर प्रश्न असा की ओळखीतल्या एकांनी सांगितलं, बारावी करत बसू नको, मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा दे, मग थेट बीए, बीए झालं की एलएलबी. हे बरोबर आहे का? बारावीची मला खरंच भीती वाटते, जास्त करून इंग्रजीची. आणि इतक्या वर्षांच्या गॅपचं काय विचारतात का ॲडमिशनला? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.

दिगंत७:
ताई सगळ्यात आधी, वयाचं मनातून काढून टाका. मी स्वतः पूर्वतयारीवाला आहे. नववी नापास, कंपनीत हेल्पर, आणि २९ व्या वर्षी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारीला नाव घातलं. अट काय तर वय १८ पूर्ण आणि मराठी लिहिता वाचता यायला हवं. दहावी बारावीचा कागद कुणी मागितला नाही. हे विद्यापीठ १९८९ ला निघालं तेच मुळी शिक्षण सुटलेल्या लोकांसाठी, ज्ञानगंगा घरोघरी हे त्यांचं ब्रीदवाक्य आहे आणि माझ्यापुरतं तरी ते शब्दशः खरं झालं, कारण पुस्तकं खरंच घरी आली आणि मी ती रात्रपाळीच्या बसमध्ये वाचून काढली.

रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्र असायचं, आमचे समंत्रक (शिकवणारे) फार चांगले होते, माझ्या बाजूला ५० वर्षांच्या एक अंगणवाडी मदतनीस बसायच्या, कुणी कुणाला हसायचं नाही. बीए झालं, आता मी त्याच कंपनीत स्टोअरला सुपरवायझर आहे. इग्नू, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यापीठ, त्यांचा पण पूर्वतयारीचा असाच बीपीपी म्हणून कोर्स आहे, किमान सहा महिन्यांचा. त्यामुळे माझं मत, घाबरू नका, पूर्वतयारी करा आणि सुरू व्हा.

काळाकोट:
नवीपाटी ताई, थांबा. फॉर्म भरायच्या आधी हे वाचा प्लीज.

दिगंत दादांनी जे लिहिलंय ते त्यांच्यासाठी शंभर टक्के बरोबर आहे, पण तुम्हाला एलएलबी करायचंय आणि तिथे गाडी अडते. वकिलीच्या शिक्षणाचे नियम विद्यापीठ एकटं ठरवत नाही, बार कौन्सिल ऑफ इंडिया ठरवते. त्यांचे २००८ चे लीगल एज्युकेशनचे नियम आहेत, त्यातला नियम ५ काढून वाचा. त्यात दोन गोष्टी जवळजवळ लिहिल्यात आणि लोक त्या दोन्हीत गोंधळ करतात. एक, बारावी किंवा पदवी डिस्टन्सने किंवा करस्पॉन्डन्सने केली असेल तरी लॉला चालते. दोन, खाली स्पष्टीकरण म्हणून दिलंय की ज्यांनी बारावी, पदवी किंवा पदव्युत्तर हे मुक्त पद्धतीने थेट केलंय, म्हणजे त्याच्या आधीची मूळ पात्रता नसताना, ते लॉच्या प्रवेशाला पात्र नाहीत.

म्हणजे मुक्त विद्यापीठाचं बीए चालतं. पण दहावी, बारावी, मग मुक्त विद्यापीठाचं बीए असं असेल तर. बारावी गाळून पूर्वतयारीच्या जोरावर केलेलं बीए घेऊन तुम्ही लॉच्या ॲडमिशनला उभ्या राहिलात तर कागदपत्रांच्या तपासणीत अडकणार. इग्नू स्वतःच सांगतं की बीपीपी म्हणजे बारावीची समकक्षता नाही, ती फक्त त्यांच्याच पदवीत शिरण्यापुरती आहे.

आणि हे फक्त लॉचं नाही. २००९ च्या अण्णामलाई विद्यापीठाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पदवी न करता मुक्त पद्धतीने थेट घेतलेली एमए नेमणुकीसाठी ग्राह्य धरली नव्हती. पायऱ्या गाळल्या की नंतर कधी ना कधी कुणीतरी विचारतं.

तुमची तर दहावी हातात आहे! फक्त बारावी हवीये. एक परीक्षा आहे ताई, ती द्या आणि मग पुढे कुणाच्या बापाला तुम्हाला अडवता येणार नाही.

पानगळ:
काळाकोट यांनी लिहिलंय ते माझ्या बाबतीत झालंय म्हणून लिहिते. मी पूर्वतयारी, मग बीए, सेकंड क्लास. लॉच्या प्रवेशाची सीईटी दिली, चांगले मार्क पडले, यादीत नाव लागलं, सासूबाईंनी शेजारी सगळ्यांना सांगून टाकलं. आणि कॉलेजात कागदपत्रं दाखवायला गेले तर टेबलावरच्या माणसाने फाईल दोनदा उलटून विचारलं, मॅडम बारावीचं मार्कशीट कुठाय. मी म्हटलं बीए आहे ना. तो बिचारा नीट बोलला, आत जाऊन विचारून आला, पण उत्तर नाहीच होतं. तीन वर्षं बीएची, त्याआधीची पूर्वतयारी, सगळं डोळ्यासमोर आलं आणि मी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून रडले.

त्यानंतर मी बारावी केली पण तोपर्यंत क्रम उलटा झालेला, पदवी आधी आणि बारावी नंतरची, आणि त्यावर पण जो तो वेगळं सांगतो. कोर्टात जाऊन भांडायची ताकद नव्हती माझ्यात तेव्हा. मी पुढे समाजशास्त्रात एमए केलं, आता एका संस्थेत समुपदेशक आहे, कामात समाधान आहे. पण मला जर तेव्हा एका माणसाने, फक्त एकाने, नियम ५ बद्दल सांगितलं असतं तर! म्हणून तुम्ही विचारलंत हेच फार चांगलं केलंत. आधी बारावी. बाकी काही ऐकू नका.

दिगंत७:
पानगळ ताई वाचून फार वाईट वाटलं. आणि नवीपाटी ताई, माझी चूक झाली, तुम्ही एलएलबी लिहिलं होतं ते मी वाचलं पण त्याचे नियम वेगळे असतील हे डोक्यातच आलं नाही, मी माझ्याच आनंदात लिहून गेलो. काळाकोट सरांचं ऐका. पूर्वतयारी माझ्यासारख्याला ठीक, ज्याला पदवी हवी होती, स्वतःच्या समाधानासाठी आणि कंपनीतल्या बढतीसाठी, आणि ज्याच्याकडे दहावी पण नव्हती.

फळाखडू:
मी ज्युनियर कॉलेजला शिकवते, आमच्याकडे दरवर्षी १७ नंबरची मुलं (मुलं म्हणते पण त्यात आजोबा पण असतात) येतात, त्यामुळे या भागाचं मी सांगते.

१७ नंबर म्हणजे आपल्या राज्य मंडळाची खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षा. बारावीसाठी दहावी पास होऊन दोन वर्षं झालेली असली पाहिजेत, तुमची कधीच झालीत. फॉर्म मंडळाच्या साईटवर ऑनलाईन भरायचा, त्यात जवळचं एक ज्युनियर कॉलेज संपर्क केंद्र म्हणून निवडायचं आणि मग मूळ कागद तिथे नेऊन द्यायचे. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेचे फॉर्म आदल्या वर्षी पावसाळ्यातच सुरू होतात, नंतर लेट फी लागते, आणि मग दार बंद होतं. दरवर्षी डिसेंबरात कुणीतरी येतं आणि मला त्यांना परत पाठवावं लागतं, तो दिवस माझा वाईट जातो. तारखेवर लक्ष ठेवा.

सर्टिफिकेट रेग्युलर मुलांना मिळतं तीच बारावी, तिला कमी लेखायचं काही कारण नाही. आर्ट्सला इंग्रजी सक्तीचं, बाकी मराठी, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र यातून घ्या. तुम्ही वकील होणार आहात तर राज्यशास्त्र घ्याच. प्रत्येक विषयाला ८० लेखी आणि २० तोंडी किंवा प्रकल्पाचे, शिवाय पर्यावरणाचा प्रकल्प असतो. बाहेरून बसणारे लोक हे २० मार्क विसरतात, कॉलेजात बोलावलं की येत नाहीत, आणि मग काठावर नापास होतात. ते २० मार्क सोडू नका.

आता इंग्रजी. पास व्हायला ३५ लागतात. आता पेपर कृतिपत्रिकेचा आहे, म्हणजे उतारा तिथेच छापलेला असतो आणि त्यावरच्या बऱ्याच कृतींची उत्तरं त्या उताऱ्यातच असतात, शोधून लिहायची. पाठांतर कमी, वाचायची सवय जास्त. बालभारतीच्या साईटवर बारावीचं पुस्तक फुकट पीडीएफ आहे, आजच उतरवून घ्या आणि रोज एक पान मोठ्याने वाचा, अर्थ नाही लागला तरी वाचा. पहिला महिना डोकं दुखेल. मी एका ४३ वर्षांच्या आशाताईंना असंच वाचायला लावलं होतं, त्यांना इंग्रजीत ५१ पडले, निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आल्या होत्या.

नवीपाटी:
तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, मी रात्री मुलं झोपल्यावर परत परत वाचलं. पानगळ ताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला, मी पुढच्या आठवड्यात पूर्वतयारीचा फॉर्म भरणारच होते हो.

आता ठरलं, बारावी. पण अजून अडचणी आहेत. एक तर शाळा सोडल्याचा दाखला माझ्याकडे नाही, शाळेत विचारलं तर म्हणाले तुम्ही तो केव्हाच नेलाय. दुसरं, दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. तिसरं म्हणजे बारावीनंतर पाच वर्षांचा लॉ असतो ना, तो करू की बीए करून मग तीन वर्षांचा? आणि एलएलबी पण घरून करता येतं का, कारण मदत केंद्राचं काम सोडायची इच्छा नाहीये.

फळाखडू:
दाखला शाळेत नसणारच. तुम्ही अकरावीला ॲडमिशन घेतलं तेव्हा शाळेचा मूळ दाखला त्या ज्युनियर कॉलेजात जमा झाला, आणि तुम्ही मध्येच सोडलंत म्हणून तो तिथेच आहे. त्या कॉलेजात जा, जनरल रजिस्टरमध्ये २००७ च्या बॅचला तुमचं नाव सापडेल, ते त्यांचा दाखला देतील. हरवला असेल तर प्रतिज्ञापत्र देऊन डुप्लिकेट मिळतो. लाजू नका, क्लार्कला रोजचं आहे हे.

नाव फॉर्ममध्ये दहावीच्या मार्कशीटवर आहे तेच, स्पेलिंगसकट तेच. पुढे बीए, एलएलबी, सनद (वकिलीचा परवाना) सगळीकडे हीच साखळी जुळवून बघतात. सासरच्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला जोडीला ठेवा, किंवा राजपत्रात नाव बदलाची नोंद करून घ्या. आईच्या नावाचं स्पेलिंग पण तपासा, यात फार लोक अडकतात.

काळाकोट:
घरून एलएलबी नाही. डिस्टन्स किंवा ऑनलाईन एलएलबीला बार कौन्सिल मान्यता देत नाही, कुणी जाहिरात दाखवली तरी पैसे भरू नका. वर्गात बसावंच लागतं आणि ७० टक्के हजेरीचा नियम आहे.

पाच की तीन, याचं उत्तर तुमच्या घरावर आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा घेतलात तर एकूण एक वर्ष वाचतं, पण ती पाचही वर्षं रोज कॉलेज. बीए मुक्त विद्यापीठातून केलंत तर ती तीन वर्षं तुम्ही काम करत, मुलांकडे बघत काढू शकता, कॉलेजच्या वर्गात फक्त शेवटची तीन. मी तुमच्या जागी असतो तर दुसरं केलं असतं, कारण तोपर्यंत धाकटी नववीत जाईल आणि तुम्हाला दिवसाचे पाच-सहा तास मोकळे मिळतील. शिवाय मदत केंद्रावरचा अनुभव तीन वर्षं अजून वाढेल, तो पुढे फार उपयोगी पडतो, मी ज्युनियर वकिलांना बघतो ना, त्यांना पक्षकाराशी बोलताच येत नाही. तुम्हाला ते आत्ताच येतं.

मार्कांचं मात्र ध्यानात ठेवा. तीन वर्षांच्या लॉला पदवीला खुल्या वर्गात ४५ टक्के लागतात, ओबीसींना ४२, एससी-एसटींना ४०. पाच वर्षांच्या लॉला बारावीत तेवढेच. म्हणजे नुसतं ३५ वर पास होऊन भागणार नाही. सीईटी मराठीतून पण देता येते (इंग्रजीचा भाग सोडून), आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. मुक्त विद्यापीठाला नाव घालताना आता एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या खात्याचा नंबर) आणि यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, दूरशिक्षणासाठीचा डीईबी आयडी काढावा लागतो, मोबाईलवर होतं, पण आधारला नंबर जोडलेला पाहिजे. आणि विद्यापीठ बाहेरच्या राज्यातलं असेल तर त्या कोर्सला त्या वर्षी यूजीसीची मान्यता आहे का ते बघितल्याशिवाय एक रुपया भरू नका.

गॅपबद्दल विचारलं होतंत. गॅप सर्टिफिकेट म्हणून साधं प्रतिज्ञापत्र मागतात, या काळात कुठे शिकत नव्हते म्हणून. तुम्ही ज्या कोर्टात बसता त्याच आवारात ते करून मिळेल.

रेंचपाना:
विषय थोडा वेगळा पण विचारतो, माझं दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय फिटर झालंय, बारावी नाही. मला पण पदवी करायची आहे, मग मी पण १७ नंबरच भरू का?

फळाखडू:
दादा, तुम्हाला पूर्ण बारावी द्यायची गरज नाही बहुतेक. दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय असेल तर मंडळाकडून भाषेचे विषय देऊन बारावीची समकक्षता मिळते, आयटीआयमध्येच विचारा, त्यांना माहिती असते. तांत्रिककडे जायचं असेल तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगला पण थेट दुसऱ्या वर्षाला. तुमचा रस्ता ताईंपेक्षा बराच सोपा आहे.

पानगळ:
नवीपाटी ताई अजून एक. जर या वर्षी १७ नंबरची तारीख हुकली तर वर्ष वाया घालवू नका, एनआयओएस आहे. ते केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय, तिथे परीक्षा वर्षातून दोनदा होते, पाच विषय, एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एका वेळी एक-दोन विषय देऊन सुटता येतं. माझी बारावी मी तिथूनच केली. त्यांची बारावी म्हणजे मंडळाची बारावी आहे, बीपीपीसारखं नाही, त्यामुळे नियम ५ ची अडचण येत नाही. तिथे इंग्रजी घ्यायलाच पाहिजे असं पण नाही, पण तुम्ही घ्या. कोर्टाची निकालपत्रं बरीचशी इंग्रजीत असतात, आज ना उद्या वाचावीच लागणार.

नवीपाटी:
तीन आठवड्यांनी लिहितेय. अकरावीच्या कॉलेजात जाऊन आले. क्लार्क मॅडमनी जुनं रजिस्टर काढलं, १८ वर्षांपूर्वीच्या पानावर माझं नाव आणि माझीच सही, किती कोवळं अक्षर होतं. दाखला त्यांच्याकडेच होता, फाईलमध्ये, पिवळा पडलेला. मूळ दाखला हातात घेतला तेव्हा मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

फॉर्म भरलाय. इंग्रजी, मराठी, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र. रोज पहाटे एक पान मोठ्याने वाचते, आणि मोठा मुलगा आठवीत आहे तो माझे उच्चार सुधारतो, फार गंभीरपणे. मदत केंद्रावरच्या मॅडमना सांगितलं तर त्यांनी त्यांची राज्यशास्त्राची जुनी पुस्तकं आणून दिली.

फळाखडू मॅडम, एक विचारायचं राहिलं. समाजशास्त्राच्या प्रकल्पाला मी मदत केंद्रावर येणाऱ्या बायकांच्या पोटगीच्या अडचणी असा विषय घेतला तर चालेल का? नावं कुणाचीच लिहिणार नाही. किती पानांचा करायचा?

फळाखडू:
चालेल, फार छान विषय आहे. नावं, गाव, केस नंबर काहीच नको. पानांचा आकडा संपर्क केंद्रावरचे विषयशिक्षक सांगतील तोच धरा, हाताने लिहा, आणि तोंडीला त्यावर विचारतील तर जे बघितलंय ते सांगा. पाच-सहा जणींशी बोलून मग लिहायला बसा, आणि बोलण्याआधी प्रत्येकीला विचारून घ्या की हे मी अभ्यासासाठी लिहू का.